बेडरूम ते व्हरांडा, मार्गे गिरावीन

शपथ घेणाऱ्याच्या पायांकडे पाहावे, असे जुने लोक सांगत. खोटे बोलताना माणसाचा चेहरा शाबूत राहतो, आवाजही राहतो, पण पाय आपले कुठेतरी पळवाट शोधत असतात. म्हणून पूर्वी न्यायालयात साक्षीदार उभा करीत, आणि अख्खा उभा करीत. विज्ञानाने ही अडचण आता दूर केली आहे. व्हिडिओवर माणूस छातीपर्यंतच दिसतो, त्यामुळे कायद्यालाही सत्य छातीपर्यंतच पुरते.

ही सुधारणा ऑस्ट्रेलियातल्या विल्गा डाउन्स या गावी पोचली तेव्हा तिचा पहिला मानकरी ठरला उल्हास केळुसकर. विल्गा डाउन्स टूवूंबाहून गाडीने पाऊण तास. (दुसऱ्या कशाने जायचे तर किती वेळ लागेल हे सांगता येत नाही, कारण दुसरे काही जातच नाही.) उल्हास पुण्याहून टूवूंबाच्या युनिमध्ये पर्यावरणशास्त्र शिकायला आला होता. पृथ्वी वाचवायची असे त्याच्या मनात होते. मग त्याने पेट्रोल पंपावर काम केले, वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांच्या दाढ्या केल्या, टॅक्सी चालवली, आणि कायम वास्तव्याचा पीआर हाती पडल्यावर विल्गा डाउन्सच्या काउन्सिलमध्ये स्थानिक नियम अधिकारी म्हणून चिकटला. पृथ्वीचा जो भाग त्याच्या वाट्याला आला त्यात भुंकणारी कुत्री, गुडघ्यापर्यंत गेलेले गवत, शेजाऱ्याच्या हद्दीत वाकलेली झाडे आणि कोंबडे एवढेच होते. तो तेवढा भाग इमानाने सांभाळत होता.

या कामात एक खोट होती. लोकांच्या परसात त्यांच्या मर्जीविरुद्ध पाऊल टाकायचे तर मॅजिस्ट्रेटचे वॉरंट लागते, आणि वॉरंट मागायचे तर शपथेवर सांगावे लागते की अमुक ठिकाणी तमुक गुन्हा चालू असल्याचा मला वाजवी संशय आहे. त्यासाठी टूवूंबाला जायचे, बाकावर बसायचे, नंबर लागेपर्यंत चोरांच्या आणि दारुड्यांच्या शेजारी थांबायचे. तेवढ्या वेळात संशयाची वाफ जाई. कुत्रे आपोआप गप्प होई, गवत कोणीतरी कापून टाकी. एकदा तर उल्हास वॉरंट घेऊन परतला तेव्हा तक्रारदार आणि आरोपी यांनी मधले कुंपण पाडून बार्बेक्यू मांडला होता, आणि त्याला सॉसेज खाल्ल्याशिवाय सोडले नाही. असे किती गुन्हे निव्वळ उशिरामुळे वाया गेले, याची मोजदाद नाही.

काउन्सिलने ही नासाडी थांबवली. किरकोळ गुन्ह्यांसाठी अधिकाऱ्याने आता कुठूनही, टॅबवरून, मॅजिस्ट्रेटसमोर शपथ घ्यावी, वॉरंट ईमेलने यावे, नोटीस जागेवरच बजवावी, आणि ती मान्य नसेल तर सुनावणीही व्हिडिओवर व्हावी. लोकांसाठी तक्रारीचे अ‍ॅप निघाले. पहिल्याच वर्षी वॉरंटे चौपट झाली. गुन्हे पूर्वीइतकेच राहिले. योजनेची गरज किती तीव्र होती, हे यावरून ध्यानात यावे. टूवूंबाचे ते जुने कोर्ट बंद होऊन तिथे कॅफे आला. बाक तेच आहेत, लोकही तसेच ताटकळतात, फक्त आता शेवटी कॉफी तरी मिळते.

त्याच वर्षी उल्हासच्या घरी त्याचे सासरे आले.

दत्तात्रय पाटणकर, म्हणजे अण्णा, कराडचे. पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक म्हणून आयुष्य गेले. पत्नी वारल्यावर मुलीने, म्हणजे अंजूने, हट्टाने व्हिसा काढून त्यांना बोलावून घेतले. अंजू टूवूंबाच्या हॉस्पिटलात नर्स होती आणि बहुतेक रात्रपाळ्या करी. ती सकाळी घरी येऊन झोपे. उल्हास तेव्हा कामावर निघे. नात शिवांगी शाळेत जाई. अण्णा व्हरांड्यात खुर्ची टाकून रस्त्याकडे बघत बसत. रस्त्यावरून दुपारपर्यंत एक पोस्टाची गाडी जाई आणि आरवोला, म्हणजे दुपार कलल्यावर, शाळेची बस येई. शिवांगीला मराठी कळे, पण ती उत्तर इंग्रजीत देई; अण्णांना इंग्रजी कळे, पण ते उत्तर मराठीत देत. दोघांचे बरे चालले होते, पण प्रत्येकाला वाटे की आपण अर्धेच बोललो.

अण्णा हसत नव्हते. बायको गेल्यापासून हसलेच नव्हते. अंजूने हे उल्हासला एकदा किचनमध्ये हळूच सांगितले होते.

मग मागच्या गल्लीतल्या केव्हने पिल्ले आणून दिली. केव्ह म्हणजे मेंढ्यांची लोकर कापण्यात उमर गेलेला म्हातारा. "चूक्स, मेट," म्हणून त्याने कुंपणावरून खोका दिला. तिकडे कोंबडीला चूक म्हणतात. अण्णांनी हा शब्द मराठी समजून "चूक कसली, छान आहेत" असे उत्तर दिले, आणि दोघांची मैत्री झाली. पिल्ले तीन होती. गावात कोंबड्या पाळायला परवानगी आहे, कोंबडा पाळायला नाही. कायद्याच्या दृष्टीने पिल्लू हे पिल्लू असते, आणि त्यातले तिसरे पिल्लू कित्येक आठवडे अत्यंत कायदेशीर जीवन जगले. मग एका पहाटे त्याचा आवाज फुटला आणि ते गुन्हेगार झाले.

अण्णांनी त्याचे नाव सुभेदार ठेवले. सुभेदार पहाटे आरवे, सकाळी आरवे, दुपारी आरवे, कोणी दार लावले तरी आरवे. पहिल्यांदा आरवला तेव्हा अण्णा मोठ्याने हसले. उल्हासने हे कानांनी ऐकले. अंजूनेही ऐकले असणार, कारण ती नुकतीच शिफ्टवरून येऊन आडवी झाली होती, आणि बेडरूमची खिडकी व्हरांड्यावर उघडते.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. उल्हासला हा कोंबडा नियमात बसत नाही हे पक्के ठाऊक होते. त्याने सासऱ्यांना सांगायचे ठरवलेही होते. चहा घेताना सांगू असे ठरवले, तर अण्णा चहाबरोबर सुभेदाराच्या तुऱ्याचे वर्णन करत. जेवताना सांगू म्हटले, तर ते अंजूच्या आईबद्दल बोलू लागत. सासऱ्याला तोंडावर 'कोंबडा नको' म्हणणे हे मराठी जावयाला जड जाते. त्यापेक्षा न्यायालयाचा हुकूम आणणे सोपे. पण हे त्याला तेव्हा सुचले नव्हते. सुचवले ते अ‍ॅपने.

एका बुधवारी त्याच्या टॅबवर तक्रार आली. निवासी भागात कोंबडा, सततचा आवाज, तक्रारदाराचे नाव गोपनीय. खाली पत्ता होता. उल्हासने तो दोनदा वाचला. पत्ता त्याच्याच घराचा होता. सिस्टिम तक्रार जवळात जवळच्या अधिकाऱ्याकडे पाठवते, आणि उल्हास त्या दिवशी घरून काम करत होता. त्याच्याहून जवळ फक्त कोंबडा होता. सिस्टिमने विचारले, "या जागेशी आपला काही संबंध आहे का?" त्याने प्रामाणिकपणे लिहिले, "तिथेच राहतो." सिस्टिमने हिरवी खूण केली आणि त्याच्या नावापुढे 'स्थानिक माहितगार' असे लावले.

त्याने सुपरवायझर ब्रॉन्विनला फोन केला.

"नो वरीज, उल्हास," ती म्हणाली. "पेट्रोल वाचलं."

"पण घर माझंच आहे. मी आत जायला मलाच परवानगी देऊ शकतो."

ब्रॉन्विनने क्षणभर विचार केला. "अधिकाऱ्याने स्वतःच स्वतःला परवानगी दिली, हे दिसायला बरं दिसणार नाही, मेट. वॉरंट घे."

त्यात खोडण्यासारखे काही नव्हते. उल्हास बाहेर येऊन आपल्याच ड्राइव्हवेमध्ये उभ्या असलेल्या काउन्सिलच्या गाडीत बसला, कारण शपथ शासकीय जागेतून घ्यावी असा नियम आहे आणि गाडी शासकीय होती. वर त्याने काउन्सिलचा शर्ट घातला होता. खाली काय होते हे मुद्दाम नमूद करण्याचे कारण नाही. पडद्यावर मॅजिस्ट्रेटबाई आल्या. त्यांच्यामागे पुस्तकांचे कपाट होते आणि कपाटामागून कोणाचे तरी वॉशिंग मशीन ऐकू येत होते. उल्हासने गीतेवर शपथ घेणार असे सांगितले. गीता फोनमध्ये होती, आणि टॅबला इंटरनेट त्याच फोनवरून मिळत होते. म्हणजे सत्य आणि त्याचा मार्ग दोन्ही एकाच बॅटरीवर चालू होते. त्याने फोनवर हात ठेवला आणि शपथ घेतली.

"या जागी कोंबडा असल्याचा तुम्हाला संशय आहे. संशयाला आधार काय?" बाईंनी विचारले.

"मी त्याला ऐकलंय, युअर ऑनर."

"कधी?"

परसातून सुभेदार कडकडून आरवला.

"आत्ता," उल्हास म्हणाला.

बाईंनी चष्मा सारखा केला. "अर्जाला त्याचा पाठिंबा दिसतोय. मंजूर."

जी गोष्ट पूर्वी अख्खा दिवस खाई ती चहा निवण्याच्या आत झाली. वॉरंट ईमेलने आले. उल्हासने छातीवरचा कॅमेरा चालू केला, गाडीतून उतरला, पँट घालायला आत जाता येईना म्हणून डिकीतली पावसाळी पँट चढवली आणि आपल्या घराचे दार ठोठावले. खिशात किल्ली होती. पण वॉरंट बजावताना दार ठोठावणे, ओळख सांगणे आणि वाजवी वेळ थांबणे बंधनकारक आहे, आणि वाजवी वेळ थांबताना त्याला प्रथमच लक्षात आले की आपल्या दाराचा रंग बराच उडाला आहे.

अण्णांनी दार उघडले. "किल्ली विसरलात का, उल्हासराव?"

"अण्णा, मी अधिकारी म्हणून आलोय."

अण्णांनी कॅमेऱ्याकडे पाहिले, पावसाळी पँटकडे पाहिले. बाहेर ऊन रखरखत होते. मग ते दारातून बाजूला झाले आणि त्यांचा आवाज बदलला.

"या साहेब. बसा. वॉरंट बघू."

उल्हासने टॅब पुढे केला. अण्णांनी तो हातभर लांब धरून वाचला, पाठीमागून उलटून पाहिला, पुन्हा सुलटा केला.

"शिक्का कुठाय?"

"आता शिक्का नसतो. डिजिटल असतं."

"आणि शपथ कोणी घेतली?"

"मी."

"कुठं?"

"गाडीत."

"आपल्या दारात उभी आहे त्या?" अण्णांनी खिडकीतून गाडीकडे पाहिले. "मग तिथून हाक मारली असती तर मी आलो असतो की."

कॅमेरा चालू असल्यामुळे यावर उत्तर देणे उल्हासला इष्ट वाटले नाही. त्याने परसात जाऊन कोंबड्याची खात्री करून घेतली (सुभेदाराने चौकशीत पूर्ण सहकार्य केले), आणि दत्तात्रय पाटणकर यांच्यावर नोटीस बजावली. दंड भरा किंवा सुनावणी मागा, असे दोन पर्याय होते. दंड उल्हास स्वतःच भरणार होता. तसे त्याने कॅमेरा बंद करून सांगितलेही.

"छे, छे," अण्णा म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत बऱ्याच दिवसांनी चमक आली होती. "मी जन्मभर नोटिसा दिल्या, उल्हासराव. पाणी चोरलं, पाट फोडला, दे नोटीस. मग माणूस ऑफिसात यायचा. आधी ओरडायचा, मग रडायचा, मग चहा घ्यायचा आणि घरातलं सगळं सांगायचा. नोटीस म्हणजे शेवटी बोलावणंच. मी सुनावणीला जाणार."

"जायचं नसतं अण्णा. व्हिडिओवर असते."

"हरकत नाही. इस्त्री केलेला शर्ट आहे माझ्याकडे."

घरात या विषयावर चर्चा झाली नाही. अंजूला रात्री निघताना उल्हासने सांगितले की अण्णांवर कोणीतरी तक्रार केली आहे. ती म्हणाली, "हो?" आणि डबा न घेताच निघून गेली. नंतर शनिवार, रविवार ती झोपलेली असे किंवा झोपल्यासारखी असे.

केलेली तक्रार मागे घेता येते का, हे ती अ‍ॅपमध्ये शोधत होती, हे उल्हासला पुष्कळ उशिरा कळले. त्याची सोय होती. तक्रार करायला कुठेही यावे लागत नाही, अंगठा पुरतो. मागे घ्यायची तर ओळखपत्र घेऊन काउन्सिलच्या कार्यालयात जातीने हजर व्हावे लागते, कारण माणसे भावनेच्या भरात तक्रार मागे घेतात असा अनुभव आहे. कार्यालयाची वेळ दिवसाची. अंजूची झोपही दिवसाची. एकदा ती गेलीसुद्धा, तेव्हा कर्मचारी प्रशिक्षणासाठी कार्यालय बंद होते. मग तिला साक्षीसाठी लिंक आली. लिंकच्या खाली धीर दिला होता की साक्षीदाराचा चेहरा दिसणार नाही आणि आवाज बदलला जाईल.

सुनावणीच्या दिवशी घराचे नियमानुसार विभाग पडले. पक्षकारांनी एका खोलीत बसू नये असा दंडक आहे. म्हणून अधिकारी उल्हास गॅरेजमध्ये, लॉनमोवरवर टॅब टेकवून. प्रतिवादी अण्णा व्हरांड्यात, इस्त्रीचा शर्ट, कपाळाला गंध. अंजू शिफ्टवरून येऊन बेडरूमचे दार लावून झोपली होती. निदान उल्हासची तशी समजूत होती. मॅजिस्ट्रेटबाई कपाटासमोर. आणि सिडनीत, गिरावीनच्या एका फ्लॅटमध्ये, चित्रलेखा नावाची सरकारमान्य दुभाषी. अण्णांना इंग्रजी कळत होते, पण त्यांनी दुभाषी मागितला होता. उल्हासने कारण विचारले तेव्हा म्हणाले, "हक्क आहे. आणि तेवढाच एक माणूस मराठी बोलेल."

चित्रलेखाने आपला धर्म सुरुवातीलाच सांगितला: जे बोलले जाईल ते सगळे सांगणार, पदरचे काही घालणार नाही, काही गाळणार नाही, आणि 'मी' म्हणजे नेहमी बोलणारा, मी नव्हे. गीतेतही इतके स्पष्ट म्हटलेले नाही.

साक्षीदाराला बोलावले. पडद्यावर काळा चौकोन आला.

"आय वर्क नाइट्स," व्हरांड्यामागच्या खिडकीच्या जाळीतून बारीक आवाज आला.

"आय वर्क नाइट्स," क्षणभराने टॅबमधून खाणकामगारासारखा घोगरा, दणदणीत आवाज आला.

"मी रात्रपाळी करतो," गिरावीनहून चित्रलेखाने सांगितले.

अण्णांनी टॅबकडे पाहिले. मग मान वळवून खिडकीकडे पाहिले. गॅरेजमधून उल्हासला त्यांचा चेहरा पडद्यावर दिसत होता. आधी त्याला वाटले की अण्णांना मशिनची मौज वाटली असावी. मग खिडकीतून पुढचे वाक्य आले, ते गॅरेजच्या भिंतीतूनही अस्पष्ट ऐकू आले, आणि उल्हासचा हात लॉनमोवरच्या दोरीवर जाऊन थांबला.

साक्ष पुढे चालली. मी घरी येतो तेव्हा उभा राहण्याची ताकद नसते. डोळा लागतो आणि कोंबडा आरवतो. परवा वॉर्डात औषध देताना हात थरथरला, दुसऱ्या नर्सने बाटली पाहिली म्हणून चूक टळली. मी कोणाला बोललो नाही. हे सगळे प्रथम खिडकीतून येई, मग खाणकामगार सांगे, मग चित्रलेखा मराठीत, पुल्लिंगात. अण्णांना सत्य तीन वेळा ऐकावे लागले. जुन्या कोर्टात ते एकदाच ऐकवीत.

"मिस्टर पाटणकर," मॅजिस्ट्रेटबाई म्हणाल्या, "तुम्हाला साक्षीदाराला काही विचारायचंय?"

विचारायचे पुष्कळ होते. अण्णांनी आठवडाभर उलटतपासणी पाठ केली होती. केव्हच्या यूट गाडीचा सायलेन्सर फुटला आहे, त्याचे काय? कुकाबुरा पक्षी पहाटे खदाखदा हसतात, त्यांना नोटीस गेली आहे का? आवाज मोजायचे यंत्र कोणी आणले होते? उल्हासने हे प्रश्न भिंतीपलीकडून ऐकले होते, आणि त्यातले दोन चांगले बिनतोड होते.

अण्णांनी घसा खाकरला.

"शिफ्टवरून आल्यावर काही खाल्लंस का?"

चित्रलेखा धर्माला जागली. "हॅव यू ईटन एनीथिंग सिन्स युअर शिफ्ट?"

"मिस्टर पाटणकर," बाई म्हणाल्या, "याचा कोंबड्याशी संबंध?"

"संबंध आहे, साहेब," अण्णा म्हणाले.

खिडकीच्या जाळीमागे काहीतरी हुंदक्यासारखे झाले, आणि लगेच टॅबमधून एक धिप्पाड खाणकामगार ढसाढसा रडू लागला.

"नाही, अण्णा," खाणकामगार म्हणाला. मराठीतच म्हणाला.

"नो, डॅड," चित्रलेखा म्हणाली. मग तिने मायक्रोफोन बंद केला. दुभाष्याला पाणी प्यायची मुभा असते.

मॅजिस्ट्रेटबाईंनी सगळ्यांच्या चौकोनांवरून नजर फिरवली. "मिस्टर केळुसकर, तुम्ही शपथेवर आहात. हे सगळे लोक आत्ता कुठे आहेत?"

"घरी, युअर ऑनर."

"कोणाच्या?"

"आमच्या."

"अधिकारी, प्रतिवादी आणि साक्षीदार?"

"आणि कोंबडा," उल्हास म्हणाला, कारण शपथ संपूर्ण सत्याची होती.

बाईंनी चष्मा काढला. त्यांच्याकडचे वॉशिंग मशीन थांबले. "तुम्ही एकमेकांना सांगू शकला नसतात?"

नोंदीत या ठिकाणी 'कोणी उत्तर दिले नाही' असे आहे. चित्रलेखाने प्रश्नाचा मराठीत अनुवाद केला, तेव्हाही कोणी दिले नाही. अण्णा खिडकीकडे पाठ करून बसले होते. जाळीमागे अंजू उभी होती, गणवेश तसाच, केस सुटलेले. दोघांमध्ये हातभर अंतर होते.

"मला सांगायचं होतं अण्णा," ती इंग्रजीत म्हणाली, कारण साक्ष इंग्रजीत चालू होती. "तुम्ही त्या कोंबड्यापाशी हसलात. आई गेल्यावर पहिल्यांदा. मी कसं सांगणार होते?"

ते वाक्य बेडरूममधून निघाले, हजार किलोमीटरच्या आसपास प्रवास करून गिरावीनला पोचले, तिथे त्याचे मराठी झाले, आणि तेवढाच प्रवास करून व्हरांड्यात आले. या वेळी चित्रलेखाने 'होते' म्हटले. खाणकामगाराला तिने स्त्रीलिंगात घेतले होते. यावर कोणीही आक्षेप घेतला नाही.

"तिला सांगा," अण्णा टॅबला म्हणाले, "हसायला मला आणखी कारणं सापडतील. तिनं झोपावं."

निकाल तिथेच लागला. कोंबडा गावाच्या हद्दीबाहेर हलवावा. नोटीस कायम, दंड माफ, ताकीद. घरातल्या माणसांनी आपापसात बोलावे असा आदेश देण्याचा अधिकार न्यायालयाला नाही, असे बाईंनी खेदाने नमूद केले. अण्णांनी "निकाल मान्य" म्हटले आणि उठून उभे राहिले, त्यामुळे पडद्यावर त्यांचे फक्त पोट दिसले.

मग अण्णांनी पोहे केले. अंजू आली, बसली, दोन वाट्या खाल्ल्या. उल्हासही बसला. कोणी काही बोलले नाही. बोलायचे पुष्कळ होते, पण दुभाषी उरली नव्हती.

संध्याकाळी केव्ह यूट घेऊन आला. सुभेदाराला त्याच्या भावाच्या शेतावर सोडायचे ठरले. अण्णा खोका मांडीवर घेऊन पुढे बसले. परत आले तेव्हा खोका रिकामा होता आणि दोघे म्हातारे कशावरून तरी हसत होते. कशावरून ते त्यांनी सांगितले नाही, आणि कोणी विचारलेही नाही.

खटल्याचा गाजावाजा मात्र झाला. तक्रार, शपथ, वॉरंट, नोटीस, साक्ष आणि निकाल, सगळे एकाच छपराखाली, कोणीही घर न सोडता. ब्रॉन्विनने टूवूंबाच्या परिषदेत त्यावर स्लाइड्स दाखवल्या. प्रवास शून्य, असे मोठ्या अक्षरात लिहिले होते. उल्हासला प्रमाणपत्र मिळाले. ते फ्रिजवर लावले होते. अंजूने ते काढले नाही, पण त्यावर शिवांगीच्या शाळेचे वेळापत्रक चिकटवले.

व्हिसा संपला तसे अण्णा कराडला परतले. विमानतळावर अंजू बरेच बोलणार होती. पण पार्किंगची वेळ संपत होती.

आता दर रविवारी व्हिडिओ कॉल होतो. अण्णा वेळेआधी शर्ट बदलून बसतात. पालिकेचे पाणी, समोरच्या बिल्डिंगचे काम, आईच्या श्राद्धाला कोण कोण आले, कुणाची सून कुठे लागली, असे सविस्तर सांगतात. चित्र आरशासारखे स्वच्छ असते. अण्णांच्या मागचे कॅलेंडर, त्यावरच्या दुधाच्या खुणासुद्धा वाचता येतात. आवाजही खणखणीत येतो. अंजूला शिफ्टला निघायचे असते, किंवा नसते. कधी नुसती दमलेली असते. मग ती म्हणते, "अण्णा, तुमचा आवाज कट होतोय. ठेवते हं."

"हो का?" अण्णा दर वेळी म्हणतात. "बरं, ठेव."

दूरस्थ तंत्रज्ञानाद्वारे जाणूनबुजून खोटे विधान करणे हा गुन्हा आहे. पण ते शपथेवर केलेले असावे लागते. आईबापांशी, आत्यामावश्यांशी, जुन्या मित्रांशी आपण जे बोलतो ते अजून शपथेवर नसते. उद्या ते तसे झाले, तर वॉरंट काढायला वेळ लागणार नाही हे आपण पाहिलेच. अधिकारी फक्त कॉलची यादी उघडेल आणि विचारेल, मागच्या रविवारी, आवाज नीट येत असताना, आपण काय म्हणालात?

तसा कायदा अजून झालेला नाही. म्हणूनच तर हे सगळे वाचायला आज तुम्ही घरी निवांत बसू शकलात.